आधी गाडीची उंची मोजा

२६ मार्च २०२४ रोजी, मध्यरात्र उलटून दीड तास होण्याच्या सुमारास, अमेरिकेतील बाल्टिमोर बंदरातून बाहेर पडणारे ‘डाली’ हे महाकाय मालवाहू जहाज वीजपुरवठा खंडित झाल्याने भरकटले आणि फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर जाऊन आदळले. १९७७ साली वाहतुकीला खुला झालेला तो पूल काही क्षणांत पाण्यात कोसळला. पुलावर खड्डे बुजवण्याचे काम करणारे सहा मजूर प्राणास मुकले. जहाजावरील बहुतेक सारे खलाशी भारतीय होते. जहाजावरून वेळीच धोक्याचा इशारा दिला गेला, म्हणून पोलिसांना पुलावरची वाहतूक अडवता आली आणि प्राणहानी तेवढ्यावर थांबली. ही वार्ता आपल्याकडील वृत्तपत्रांतही ठळकपणे झळकली. त्या पुलाबरोबर आणखी एक सोय नाहीशी झाली, तिची मात्र फारशी वाच्यता झाली नाही. मोटरहोम घेऊन त्या शहरावरून जाणाऱ्या प्रवाशांचा नेहमीचा रस्ताच त्या रात्री संपला.

त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. बाल्टिमोर बंदराच्या पाण्याखालून दोन बोगदे जातात. एक १९५७ सालचा हार्बर बोगदा आणि दुसरा १९८५ सालचा फोर्ट मॅकहेन्री बोगदा. आगीच्या भयास्तव १० पौंडांहून मोठी प्रोपेन वायूची टाकी घेऊन जाणाऱ्या वाहनांना या बोगद्यांत मज्जाव आहे. मोटरहोम म्हणजे चाकांवरचे घर. त्यात शेगडी असते, शीतकपाट असते, थंडीत घर उबदार ठेवणारी भट्टी असते आणि या साऱ्यांना लागणारा प्रोपेन गाडीच्या पोटातच भरलेला असतो. साहजिकच हे प्रवासी बोगदे टाळून की पुलावरून जात असत. पूल गेल्यावर त्यांना शहराच्या पश्चिमेकडून मोठा वळसा घालण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

आता अशा प्रवाशाच्या हाती कोणता दिशादर्शक आहे, याचा विचार करावा. त्याच्या गाडीत मोटरहोमसाठीच बनवलेले यंत्र असेल, पण त्यातील नकाशा दोन वर्षे अद्ययावत केलेला नसेल, तर ते यंत्र त्याला नि:शंकपणे नसलेल्या पुलाकडे घेऊन जाईल. उलट त्याच्या भ्रमणध्वनीवरील मोफत नकाशाला पूल पडल्याचे त्याच दिवशी कळलेले असेल. पण गाडीच्या पोटातील वायूची त्याला गंधवार्ता नसल्याने तो तितक्याच नि:शंकपणे बोगद्याची वाट दाखवील. एकाला रस्ता ठाऊक नाही, दुसऱ्याला गाडी ठाऊक नाही. बाजारात आज जी डझनावारी यंत्रे आणि सॉफ्टवेअर मोटरहोमवाल्यांपुढे मांडलेली आहेत, त्यांची निवड करताना या दोन अज्ञानांपैकी कोणते आपल्याला अधिक महागात पडेल, हाच खरा प्रश्न आहे. पडद्याचा आकार, आवाजाची गोडी, रंगसंगती या गोष्टी दुय्यम होत. दुर्दैवाने जाहिराती मात्र त्यांच्याच असतात.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. अमेरिकेत स्थिरावलेल्या आपल्या मुला-मुलींकडे उन्हाळ्यात जाणाऱ्या आईवडिलांची संख्या गेल्या दोन-तीन दशकांत पुष्कळ वाढली आहे. नातवंडांना घेऊन, स्वयंपाकाची आपली सोय बरोबर ठेवून, आठ-दहा दिवस यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यन पाहून यावे, यासाठी मोटरहोम भाड्याने घेण्याची टूम तेथील आपल्या लोकांतही रुळली आहे. एरवी छोटी मोटार चालवणारा अभियंता एके सकाळी पंचवीस-तीस फूट लांबीच्या आणि बारा फुटांच्या आसपास उंचीच्या वाहनाच्या सुकाणूवर बसतो. त्याच्या खिशात रोजचाच भ्रमणध्वनी असतो आणि त्यात रोजचाच नकाशा. हे धाडस त्याला धाडस वाटत नाही, यातच धोका आहे.

मोटरहोमांचे अमेरिकेत साधारण तीन वर्ग मानतात. बससारख्या सांगाड्यावर बांधलेले ‘ए’ वर्गातील वाहन ४५ फुटांपर्यंत लांब आणि १३ फुटांपर्यंत उंच असू शकते. ‘सी’ वर्गात पुढे व्हॅनचे तोंड आणि चालकाच्या डोक्यावर बिछान्याचा माळा असतो. भाड्याने मिळतात ती बहुधा हीच. ‘बी’ वर्ग म्हणजे आतून घर केलेली व्हॅन. या शेवटच्या वर्गातील गाडीवाल्याला साधा नकाशा बऱ्याच अंशी चालून जातो. बाकीच्या दोघांना तो चालत नाही. ‘ए’ आणि ‘सी’ वर्गातील प्रवाशाने केवळ भ्रमणध्वनीवरील सर्वसाधारण नकाशाच्या भरवशावर अनोळखी मुलखात जाऊ नये, हे मत कुणाला अतिरेकी वाटेल. पण पुढील गोष्टी पाहिल्यावर तसे वाटू नये.

मुळात ‘जीपीएस’ या तीन अक्षरांभोवती बरेच गैरसमज आहेत. ही अमेरिकेच्या संरक्षण विभागाने उभारलेली उपग्रहांची यंत्रणा. तिचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडला गेला आणि १९९५ साली ती पूर्णांशाने कार्यरत झाल्याचे घोषित झाले. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह अचूक वेळेचे संदेश पाठवतात. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले, की ते पोहोचायला लागलेल्या वेळांवरून यंत्र आपले स्थान काढते. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत सामान्य नागरिकांना मिळणाऱ्या संकेतांत मुद्दाम चूक मिसळलेली असे, त्यामुळे स्थान शंभर मीटर इकडेतिकडे होई. अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ती भेसळ थांबली आणि मोटारीतील दिशादर्शक खऱ्या अर्थाने उपयोगी झाले. पण उपग्रह सांगतात ते एवढेच की, तुम्ही पृथ्वीच्या पाठीवर अमुक ठिकाणी आहात. तेथे रस्ता आहे की नाही, तो कच्चा की पक्का, त्यावरील पूल किती उंच, हे त्यांना ठाऊक नसते. ते काम नकाशाचे. आणि त्या नकाशातून वाट निवडणे हे तिसरेच काम, गणिताचे.

या गणिताचा पाया नेदरलँड्सचे संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी घातला. दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळची वाट शोधण्याची त्यांची रीत १९५९ साली प्रसिद्ध झाली. आजची सॉफ्टवेअरे तिच्याच सुधारलेल्या आवृत्त्या वापरतात. रस्त्यांच्या जाळ्यातील प्रत्येक तुकड्याला एक ‘किंमत’ दिलेली असते, अंतराची किंवा वेळेची. एकूण किंमत सर्वांत कमी येईल ती वाट यंत्र निवडते. साधा नकाशा ही किंमत छोट्या मोटारीच्या हिशेबाने लावतो. मोटरहोमसाठी बनवलेले सॉफ्टवेअर आधी गाडीची उंची, रुंदी, लांबी, वजन आणि वायूची टाकी विचारते आणि ज्या तुकड्यांतून ती गाडी जाऊ शकत नाही, ते तुकडे जाळ्यातून काढून टाकून मगच हिशेब करते. दोन्हींत फरक आहे तो एवढाच. पण नकाशात त्या तुकड्यावर पुलाची उंची नोंदलेलीच नसेल तर? मग महागड्या यंत्रालाही तो तुकडा मोकळाच दिसतो. म्हणून यंत्राच्या पेटीवर ‘मोटरहोमसाठी’ असे छापले आहे, एवढ्यावर विसंबून भागत नाही.

कमी उंचीच्या पुलांची अमेरिकेत वानवा नाही. बॉस्टन शहरात चार्ल्स नदीकाठाने जाणारा स्टॉरो ड्राइव्ह हा रस्ता केवळ मोटारींसाठी आहे. त्यावरील पूल इतके ठेंगणे आहेत, की दरवर्षी १ सप्टेंबरच्या सुमारास, विद्यार्थी भाड्याच्या ट्रकांतून बिऱ्हाड हलवतात तेव्हा, एखाद-दुसऱ्या ट्रकाचे छत त्या पुलाखाली सोलून निघाल्याची बातमी हमखास येते. बॉस्टनकरांनी या प्रकारासाठी त्या रस्त्याच्या नावावरून एक क्रियापदच बनवले आहे. न्यूयॉर्क आणि कनेक्टिकट राज्यांतील ‘पार्कवे’ हे याच जातकुळीतले. १९२० आणि १९३० च्या दशकांत, सहकुटुंब मोटारीतून सहल करणाऱ्यांसाठी ते बांधले गेले. त्यांच्या दगडी कमानी देखण्या आहेत आणि मोठ्या वाहनांना घातक आहेत. साध्या नकाशाला मात्र हे रस्ते फार प्रिय, कारण त्यांवर ट्रक नसतात आणि वेळ वाचतो.

नॉर्थ कॅरोलिना राज्यातील डरहॅम गावचा रेल्वेपूल तर जगप्रसिद्ध झाला. त्याची उंची ११ फूट ८ इंच. २००८ सालापासून जवळच्या इमारतीतून त्याच्यावर रोखलेल्या कॅमेऱ्याने शंभरावर अपघात टिपले. रस्ता खोल करावा, तर खालून सांडपाण्याची मुख्य वाहिनी गेलेली. २०१६ साली उंच वाहन आले की पेटणारा इशाऱ्याचा फलक बसवला, तरी वाहने आदळतच राहिली. अखेर २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये पूल ८ इंचांनी उचलण्यात आला. त्यानंतरही आदळणाऱ्यांची परंपरा खंडित झालेली नाही! डोळ्यांसमोर दिवे लागलेला फलक दिसत असताना माणूस थांबत नाही, कारण त्याला स्वत:च्या गाडीची उंचीच ठाऊक नसते. म्हणून सॉफ्टवेअर विकत घेण्याच्या आधी करावयाचे काम अगदी साधे आहे. गाडी सपाट जागी उभी करावी आणि छतावरील वातानुकूलन यंत्र, आकाशक, जे जे वर आलेले असेल त्यासकट तिची उंची टेपने मोजावी. विक्रीच्या कागदावरील आकडा प्रमाण मानू नये. मोजलेल्या उंचीत आणखी काही इंच मिळवून तो आकडा यंत्रात भरावा आणि चालकासमोर कागदावर लिहूनही लावावा. रस्त्यावर नव्या डांबराचे थर चढत जातात आणि पुलाखालची मोकळी जागा तेवढी घटत जाते. फलकावरील आकडा मात्र कित्येकदा जुनाच राहतो. भाड्याच्या मोटरहोमवाल्यांनी तर करारही नीट वाचावा. छताला झालेले नुकसान विम्यातून वगळून भाडेकरूच्या माथी मारणारे करार सर्रास आढळतात.

उंचीखेरीज लांबी-रुंदीचेही नियम आहेत. मोंटाना राज्यातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात ‘गोइंग टू द सन’ नावाचा विलक्षण सुंदर घाटरस्ता आहे. त्याच्या मधल्या भागात २१ फुटांहून लांब किंवा ८ फुटांहून रुंद वाहनाला प्रवेश नाही. म्हणजे भाड्याने मिळणारी बहुतेक मोटरहोम तेथे बादच झाली. युटा राज्यातील झायॉन उद्यानात १९३० साली खुला झालेला, मैलभराहून अधिक लांबीचा बोगदा आहे. मोठे वाहन आले, की दोन्ही बाजूंची वाहतूक थांबवून, शुल्क घेऊन, त्याला बोगद्याच्या मधोमध चालू देण्याची पद्धत तेथे अनेक वर्षे होती. मात्र २०२६ च्या मध्यापासून मोठ्या वाहनांना ही वाट बंद करण्याचा निर्णय उद्यान व्यवस्थापनाने जाहीर केला. जुन्या प्रवासवर्णनांच्या आधारे मार्ग आखणाऱ्याचा येथे पुरता विरस व्हावयाचा. युरोपात आणखी निराळे. तेथे वजनाला महत्त्व फार. साडेतीन टनांची मर्यादा ओलांडली, की चालकाचा परवाना बदलतो आणि ऑस्ट्रियासारख्या देशात पथकराची रीतही बदलते.

गार्मिन, रँड मॅकनॅली आणि युरोपात टॉमटॉम या कंपन्यांनी मोटरहोमसाठी खास यंत्रे काढली. आरव्ही लाइफ, कोपायलट यांसारखी सॉफ्टवेअरे भ्रमणध्वनीवरच हे काम वार्षिक वर्गणी घेऊन करतात. येथे कोणत्याही एका कंपनीची भलामण करण्याचा हेतू नाही. मात्र एक भेद स्पष्ट करणे अवश्य आहे. यंत्रातील नकाशा यंत्रातच साठवलेला असतो, त्यामुळे भ्रमणध्वनीचे जाळे नसलेल्या ठिकाणीही ते चालते. भ्रमणध्वनीवरील नकाशा आधी उतरवून ठेवला नसेल, तर नेमक्या गरजेच्या वेळी पडदा कोरा होतो. अमेरिकेचा पश्चिम भाग आपण चित्रांत पाहतो त्याहून कितीतरी निर्जन आहे. नेवाडा, युटा, वायोमिंग येथे तासन्‌तास संपर्क नसणे ही नित्याची बाब. तेव्हा जे सॉफ्टवेअर संपर्काविना मार्ग नव्याने आखू शकत नाही, ते कितीही सुबक असले तरी मोटरहोमवाल्याने पहिल्या फेरीतच बाद करावे.

यातील भीती काल्पनिक नाही. २००९ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅली या वाळवंटी उद्यानात दिशादर्शक यंत्राच्या सांगण्यावरून एक आई आपल्या सहा वर्षांच्या मुलासह आडरस्त्याला लागली. गाडी वाळूत रुतली. पाच दिवसांनी उद्यानाच्या कर्मचाऱ्याला ती सापडली तेव्हा मुलगा मरण पावला होता. त्या उद्यानाच्या रक्षकांनी अशा घटनांसाठी ‘जीपीएसमुळे मृत्यू’ असा शब्दप्रयोगच रूढ केला. २०११ च्या मार्चमध्ये कॅनडातील एक प्रौढ दांपत्य लास व्हेगासकडे जाताना यंत्राने दाखवलेल्या जवळच्या वाटेने नेवाडाच्या डोंगरांत शिरले आणि चिखलात अडकले. मदत आणण्यासाठी पती पायी निघून गेला. पत्नी सात आठवड्यांनी शिकाऱ्यांना जिवंत सापडली, पतीचे मात्र पुढच्या वर्षी अवशेषच मिळाले. या दोन्ही घटनांत मोटरहोम नव्हते, साधीच वाहने होती. तीस फुटी गाडी अशा वाटेवर मागे वळवताही येत नाही, मागून छोटी मोटार ओढत असेल तर ती मागे घेणेही दुरापास्त, एवढेच येथे जोडायचे.

मार्ग दाखवणे आणि प्रवासाची आखणी करणे ही दोन भिन्न कामे आहेत. हे न ओळखल्यामुळे पुष्कळांची निवड चुकते. रस्त्यावर असताना यंत्राने पुढचे वळण सांगावे. परंतु उद्याचा मुक्काम कोठे, तेथील जागा आपल्या गाडीच्या लांबीची आहे काय, वीज-पाण्याची जोडणी मिळेल काय, सांडपाण्याची टाकी कोठे रिकामी करता येईल, वाटेत किती टक्के उताराचा घाट लागतो, इंधन भरण्यासाठी एवढी गाडी वळेल असा पंप कोठे आहे, हे प्रश्न आदल्या रात्री, मोठ्या पडद्यासमोर, शांतपणे सोडवायचे असतात. राष्ट्रीय उद्यानांतील मुक्कामाच्या जागा जुन्या काळच्या, लहान वाहनांच्या हिशेबाने आखलेल्या. कित्येक ठिकाणी तीस फुटी गाडीला जागाच मिळत नाही. घाटाची चढण नकाशावर दिसत नाही. वायोमिंगमधील टीटन खिंडीचा उतार दहा टक्क्यांचा आहे. तो साध्या नकाशावर एक नागमोडी रेघ म्हणून उमटतो आणि जड गाडीच्या ब्रेकांना त्याची खरी किंमत कळते. आखणीची चांगली सॉफ्टवेअरे चढ-उताराचा आलेख काढतात, रोज किती मैल किंवा किती तास चालवायचे ही मर्यादा विचारतात आणि तेवढ्या अंतरावरची मुक्कामाची ठिकाणे दाखवतात. गुगलच्या नकाशाच्या वेळेत निदान एक पंचमांश भर घालावी, असा अनुभवी लोकांचा ठोकताळा असतो, तो मानावा.

तथापि या बाबतीतही एक सावधगिरी हवी. २००० च्या दशकात मोटरहोमवाल्यांचे सर्वांत आवडते सॉफ्टवेअर म्हणजे मायक्रोसॉफ्टचे ‘स्ट्रीट्स अँड ट्रिप्स’. मांडीवरच्या संगणकाला छोटा जीपीएस ग्राहक जोडायचा आणि तबकडीवरून घातलेल्या नकाशात मुक्कामामागून मुक्काम आखायचे, असा परिपाठ होता. अनेकांनी वर्षानुवर्षांच्या प्रवासांच्या नोंदी, आवडत्या जागा, टाळायचे रस्ते त्यात साठवले. २०१४ साली कंपनीने ते बंद करीत असल्याचे जाहीर केले. मेन राज्यातील डीलॉर्म या कंपनीचे ‘स्ट्रीट अॅटलस’ हे दुसरे लोकप्रिय सॉफ्टवेअर. ती कंपनी २०१६ साली गार्मिनने विकत घेतली आणि तेही सॉफ्टवेअर इतिहासजमा झाले. ज्यांनी आपल्या नोंदी सर्वमान्य स्वरूपात बाहेर काढून ठेवल्या होत्या, त्यांचे फारसे बिघडले नाही. इतरांच्या स्मृतींना कुलूप लागले. म्हणून आपण केलेली आखणी ‘जीपीएक्स’ या सर्वत्र चालणाऱ्या स्वरूपात बाहेर काढता येते की नाही, हे विकत घेण्यापूर्वी पाहावे. जे सॉफ्टवेअर आपला माल आत घेते पण बाहेर जाऊ देत नाही, त्याला वर्गणी देऊ नये. ‘आजीवन नकाशे मोफत’ या आश्वासनातील ‘आजीवन’ हे ग्राहकाचे नव्हे, त्या यंत्राचे आयुष्य असते आणि ते किती, हे कंपनी ठरवते, हेही ध्यानात असू द्यावे.

छापील नकाशाची आज टवाळी होते. पण रँड मॅकनॅलीचा मालमोटार चालकांसाठीचा नकाशासंग्रह राज्यवार कमी उंचीच्या पुलांची यादी देतो आणि अमेरिकेतील घाटांच्या उतारांची माहिती देणारी ‘माउंटन डिरेक्टरी’ ही पुस्तिका मोटरहोमवाले आवर्जून जवळ बाळगतात. शिवाय तेथील आंतरराज्य महामार्गांच्या क्रमांकांत एक शिस्त आहे. सम क्रमांक पूर्व-पश्चिम, विषम क्रमांक दक्षिणोत्तर. एवढे जाणणाऱ्या माणसाला यंत्र भलत्या दिशेने नेऊ लागले, तर निदान संशय तरी येतो. शेजारी बसलेल्याच्या मांडीवर उघडा नकाशा आणि काचेवर बोलणारे यंत्र, ही जोडी अजून तरी सर्वांत भरवशाची.

अमेरिकेत पुलांच्या उंचीची ही माहिती मिळते, त्यामागे एक दु:खद इतिहास आहे. १५ डिसेंबर १९६७ रोजी ओहायो नदीवरील सिल्व्हर ब्रिज कोसळून ४६ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर देशभरातील पुलांची ठरावीक कालावधीने तपासणी व नोंद करणे कायद्याने बंधनकारक झाले. आज सहा लाखांहून अधिक पुलांची तपशीलवार सूची तेथे उपलब्ध आहे आणि ती कोणीही पाहू शकतो. खासगी कंपन्यांची चतुर सॉफ्टवेअरे या सार्वजनिक कामाच्या पायावर उभी आहेत. आपल्याकडे महाडजवळ सावित्री नदीवरील पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला आणि त्याच वर्षी राष्ट्रीय पातळीवर पुलांच्या नोंदणीची व्यवस्था सुरू झाली. दिशा योग्यच आहे. पण ही माहिती वाहनचालकाच्या नकाशापर्यंत पोहोचली पाहिजे.

ती पोहोचत नाही तेव्हा काय होते, हेही आपण पाहिले आहे. २०२१ च्या जानेवारीत पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली मोटार अकोले तालुक्यात कोतूळजवळ नकाशाने दाखवलेल्या रस्त्याने गेली आणि धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर बुडाली. चालकाचा अंत झाला. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरील, पुराने पुढचा भाग वाहून गेलेल्या पुलावरून मोटार खाली कोसळून तिघे जण दगावले. तेथे साधा अडथळाही उभारलेला नव्हता. साऱ्या दोषाचे खापर परदेशी कंपनीच्या नकाशावर फोडणे सोपे आहे. परंतु पूल तुटल्याची खबर नकाशाला देणार कोण होते?

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. केरळनेही त्याच वर्षी ते आणले. कोकण किनाऱ्यावर आणि सह्याद्रीत फिरती घरे दिसू लागावीत, ही कल्पना स्वागतार्ह आहे. ‘मॅपमायइंडिया’ ही भारतीय कंपनी १९९५ पासून या देशाचे नकाशे तयार करीत आहे. उपग्रहांच्या बाबतीत ‘नाविक’ ही आपली स्वत:ची यंत्रणा इस्रोने २०१३ पासून उभारली, आयात केलेल्या अणुघड्याळांनी दगा दिल्यावर २०२३ च्या मे महिन्यात स्वदेशी घड्याळ असलेला उपग्रह सोडला; २०२५ च्या जानेवारीतील पुढचा उपग्रह मात्र नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. हे काम नेटाने पुढे जायलाच हवे, कारण परक्या लष्कराच्या मर्जीवर चालणारे स्थानदर्शन ही कोणत्याही देशाला कायमची परवडणारी गोष्ट नव्हे. तथापि कोकणात उतरणाऱ्या मोटरहोमच्या चालकाची अडचण त्याहून साधी आहे. वरंध घाट पावसाळ्यात अनेकदा अवजड वाहनांना बंद केला जातो. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो, वृत्तपत्रांत त्याची चौकट येते, घाटाच्या तोंडाशी पोलीस उभा राहतो आणि तेथवर आलेल्या लांबलचक गाडीला वळायला जागा नसते. तो आदेश कागदावर निघतो त्याच दिवशी रस्त्याचा क्रमांक, वाहनाच्या वजनाची व उंचीची मर्यादा आणि बंदीच्या तारखा, एवढी चार रकान्यांची माहिती संगणकाला वाचता येईल अशा स्वरूपात सर्व नकाशा कंपन्यांना, देशी असोत वा परदेशी, विनामूल्य दिली जावी. त्यासाठी नवा उपग्रह लागत नाही, की नवे मंत्रालय लागत नाही. सार्वजनिक बांधकाम खात्यातील एक टेबल आणि त्यावर बसणारा एक माणूस पुरेल.